ऑनलाइन ग्राहक-अभिप्रायांची विश्वासार्हता आणि लघुव्यावसायिक : थेरगाव परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

थेरगाव हा पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील पवनाकाठचा भाग होय. एका बाजूस चिंचवड-पिंपरीची जुनी कारखानदारी आणि दुसऱ्या बाजूस वाकड-हिंजवडीचा माहिती-तंत्रज्ञान उद्योग, अशा दोन्हींचा कामगारवर्ग येथे वास्तव्यास आहे. शहराची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे १० लाख होती. २०११ मध्ये ती १७ लाखांवर गेली. या वाढीत मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि परप्रांतांतून आलेल्या कुटुंबांचा वाटा मोठा आहे. गावाकडे चांगला वैद्य, शिंपी किंवा मिस्त्री कोण, हे भावकी आणि शेजारपाजार सांगत असे. डांगे चौकात नव्याने आलेल्या माणसाला असा आधार नसतो. खानावळ, गॅरेज वा दवाखाना निवडताना तो मोबाइलवरील तारांकन पाहतो. ओळखीची जागा अनोळखी व्यक्तींच्या अभिप्रायांनी घेतली आहे. हे अभिप्राय कितपत विश्वासार्ह आहेत आणि त्यांचा लघुव्यावसायिकांवर काय परिणाम होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अभिप्रायांचे आर्थिक महत्त्व

विक्रेत्यास वस्तूचा दर्जा ठाऊक असतो, ग्राहकास नसतो. अशा बाजारात चांगला माल मागे पडतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले. ही माहितीची विषमता कमी करणे हे अभिप्रायांचे मूळ कार्य होय. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल लुका यांनी २०११ मध्ये अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरातील उपाहारगृहांचा अभ्यास केला. ‘येल्प’ या संकेतस्थळावरील तारांकन एका ताऱ्याने वाढल्यास उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. मात्र हा परिणाम स्वतंत्र उपाहारगृहांपुरताच होता. साखळी उपाहारगृहांवर तो दिसला नाही. साखळीचे नाव ग्राहकास आधीच ठाऊक असते, लहान व्यावसायिकाचे नसते. म्हणून अभिप्रायांचा लाभ त्यालाच अधिक मिळतो आणि हानीही त्याचीच अधिक होते.

हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या गॅरेजला १२ अभिप्राय असून सरासरी ४.५ आहे. एका व्यक्तीने एक तारा दिल्यास सरासरी ४.२ वर येते. १,२०० अभिप्राय असलेल्या मोठ्या सेवा-केंद्राची सरासरी त्याच एका ताऱ्याने जवळजवळ हलतही नाही. सूडबुद्धीने लिहिलेला एक अभिप्राय लहान व्यावसायिकाला इतका महागात पडतो. त्याच कारणाने चार-पाच बनावट स्तुतिपर अभिप्राय मिळविण्याचा मोहही त्यालाच अधिक होतो.

बनावट अभिप्रायांचे स्वरूप

बनावट अभिप्राय दोन प्रकारचे असतात : स्वतःची स्तुती आणि प्रतिस्पर्ध्याची निंदा. या संदर्भात मेझ्लिन, डोव्हर व शेव्हॅलिए यांचा २०१४ चा अभ्यास महत्त्वाचा आहे. ‘एक्स्पीडिया’वर तेथून आरक्षण करून राहिलेलाच अभिप्राय देऊ शकत असे, ‘ट्रिपअ‍ॅडव्हायझर’वर कोणीही लिहू शकत असे. शेजारी स्वतंत्र मालकीचे हॉटेल असल्यास प्रतिकूल अभिप्रायांचे प्रमाण एक्स्पीडियाच्या तुलनेत ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर अधिक आढळले. जेथे व्यवहाराचा पुरावा मागितला जात नाही, तेथे खोटे लिहिणे स्वस्त होते, हा त्याचा अर्थ.

या व्यापाराची झळ आपल्या परिसरालाही बसली आहे. घरबसल्या हॉटेलांना चांगले तारांकन द्या आणि प्रत्येक अभिप्रायामागे पैसे मिळवा, असे संदेश मोबाइलवर येऊ लागले. प्रारंभी किरकोळ रक्कम खात्यात जमा होई. पुढे ‘प्रीपेड टास्क’च्या नावाखाली लाखो रुपये उकळले जात. २०२३ मध्ये पुणे व पिंपरी-चिंचवड पोलिसांकडे अशा अनेक तक्रारी नोंदविल्या गेल्या. फसवणूक झालेल्यांत उच्चशिक्षितही होते. अभिप्राय विकत मिळतो, ही गोष्ट लोकांना किती स्वाभाविक वाटू लागली आहे, हेही यातून दिसते.

कायदा व मानके

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार विक्रेत्याने स्वतःस ग्राहक भासवून अभिप्राय लिहिणे निषिद्ध आहे. तथापि, हा नियम ई-वाणिज्यातील विक्रीसाठी आहे. नकाशावर केवळ नोंद असलेली खानावळ त्याच्या कक्षेत सहजासहजी येत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १९०००:२०२२ हे मानक लागू झाले. अभिप्राय गोळा करणे, तपासणे व प्रसिद्ध करणे यांविषयीची तत्त्वे त्यात असून अभिप्राय देणाऱ्याची पडताळणी अपेक्षित आहे. परंतु ते ऐच्छिक स्वरूपात आणले गेले. अमेरिकेत मात्र ऑक्टोबर २०२४ पासून बनावट अभिप्रायांची खरेदी-विक्री दंडनीय ठरली.

येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. कठोर अभिप्राय म्हणजे बनावट अभिप्राय नव्हे. नाराज ग्राहकाचे प्रामाणिक मत दडपले गेल्यास अभिप्रायांचे प्रयोजनच संपते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, अभिप्रायाची विश्वासार्हता ताऱ्यांच्या सरासरीत नसून त्यामागील व्यवहाराच्या पुराव्यात आहे. वाचकाने सरासरीबरोबरच अभिप्रायांची संख्या, कालावधी आणि तपशील पाहावा. एकाच आठवड्यात आलेली, कामाचा कोणताही तपशील नसलेली स्तुती संशयास्पद मानावी. व्यावसायिकाने सवलतीचे आमिष न दाखवता प्रत्येक ग्राहकास, केवळ संतुष्ट ग्राहकास नव्हे, अभिप्राय मागावा आणि प्रतिकूल मतास संयमाने उत्तर द्यावे. खऱ्या अभिप्रायांची मोठी संख्या हेच त्याचे सर्वोत्तम संरक्षण होय.

वाणिज्य व समाजशास्त्र विभागांनी आपल्या परिसरातील दुकानांचे अभिप्राय आणि प्रत्यक्ष ग्राहकांच्या मुलाखती यांची तुलना विद्यार्थ्यांकडून प्रकल्परूपाने करून घ्यावी. उद्याचा ग्राहक आणि उद्याचा व्यावसायिक, दोघेही आपल्याच वर्गात बसलेले आहेत.