पाणी, मीठ आणि उतार : डोंगरी अल्ट्रामॅरेथॉनविषयीचे गैरसमज

मॅरेथॉनचे अधिकृत अंतर 42.195 किलोमीटर असून त्याहून लांब पल्ल्याची प्रत्येक शर्यत ‘अल्ट्रामॅरेथॉन’ या संज्ञेत बसते. त्यामुळे सिंहगड-राजगड-तोरणा या पुणेकर भटक्यांच्या परिचित वाटेवर होणाऱ्या ‘एसआरटी अल्ट्रा’तील 11 व 25 किलोमीटरचे गट नावाने अल्ट्राचे असले तरी व्याख्येने तसे नाहीत. अल्ट्रा म्हणजे अखंड धावणे हा समजही चुकीचा आहे, कारण खड्या चढावर धावल्याने खर्ची पडणाऱ्या शक्तीच्या मानाने वाचणारा वेळ फारच थोडा असतो आणि म्हणून अनुभवी स्पर्धकही तेथे हेतुपुरस्सर चालतात.

सर्वांत घातक गैरसमज पाण्याचा आहे. जितके अधिक पाणी तितके सुरक्षित, असे मानून तहान नसतानाही पीत राहिल्यास रक्तातील सोडियम पातळ होऊन लिटरमागे 135 मिलिमोलच्या खाली उतरते. या अवस्थेला हायपोनेट्रेमिया म्हणतात. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्क्यांमध्ये ती आढळली होती. मळमळ, डोकेदुखी आणि भ्रम ही तिची लक्षणे निर्जलीकरणासारखीच भासत असल्याने भोवतालची मंडळी रुग्णाला आणखी पाणी पाजतात, आणि अनर्थ नेमका तेथेच होतो. याउलट लडाखसारख्या थंड वाळवंटात, जेथे 72 किलोमीटरची ‘खारदुंग ला चॅलेंज’ शर्यत 5,300 मीटरहून उंच खिंड ओलांडते, कोरड्या हवेत घाम तत्काळ उडून जातो. तेथे कोरडी कातडी हा पाणी न घटल्याचा पुरावा ठरत नाही. उत्तम दमसास असलेल्याला विरळ हवेचा आजार होत नाही, हाही असाच एक भ्रम होय.

आहाराविषयीचे समज पुण्यात महात्मा फुले मंडईच्या अष्टकोनी वास्तूभोवती सहज तपासता येतात. लांब पल्ल्यात ताशी सुमारे 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके पुरेशी मानली जातात. ती महागड्या जेलमधूनच मिळावीत असे काही नाही, कारण मध्यम आकाराच्या एका केळ्यातून सुमारे 25 ग्रॅम मिळतात आणि खजूर, गूळ किंवा उकडलेला बटाटाही तेच काम करतो. मात्र केळ्याने घामातून गेलेले क्षार भरून निघतात, हे अर्धसत्य आहे. केळ्यात पोटॅशियम असते, घामातून प्रामुख्याने सोडियम जाते, म्हणून बटाट्यावरचे मीठ या कामी केळ्यापेक्षा अधिक उपयोगी पडते. अर्थात अतिरेकी पाण्यावर मीठ हा उतारा नव्हे.

वेदनाशामक गोळी निरुपद्रवी असते, या समजाला 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने धक्का दिला. बहुदिवसीय अल्ट्रामॅरेथॉनच्या 80 किलोमीटरच्या टप्प्यात आयबुप्रोफेन घेणाऱ्यांपैकी 52 टक्क्यांच्या, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपैकी 34 टक्क्यांच्या मूत्रपिंडाला इजा झाल्याचे दिसले. स्पर्धक 89 च असल्याने हा फरक अंतिम मानता येत नसला, तरी गोळीची भलामण करण्यास तो निश्चितच आधार देत नाही.

राहता राहिला उतार, जो विश्रांतीचा मानला जातो. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावून शरीराला लगाम घालतात आणि या उलट कामात त्यांच्या तंतूंना चढापेक्षा अधिक इजा होते. परंतु एकदा अशी इजा सोसलेले स्नायू पुढील काही आठवडे तशाच श्रमाला अधिक चिवट राहतात. म्हणूनच सरावासाठी सिंहगड पायी चढून गाडीने खाली येणारा धावपटू ज्याची तोरण्याच्या घसाऱ्यावर खरी गरज पडते तो अर्धा सराव गडावरच सोडून येतो.