आखीव धाव आणि मनगटावरचे घड्याळ

कोलाड-रोहा परिसरातील गावांतून, कोकणात इतरत्र असतात तशीच, पोलीस वा सैन्यभरतीची तयारी करणारी मुले-मुली पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलांसाठी १६०० मीटर व मुलींसाठी ८०० मीटर धाव असते. अलीकडे यांतील काहींच्या मनगटावर व्यायामाचे घड्याळ असते. 'आता वेग वाढवा', 'आता सावकाश' असे ते थरथरून सांगते. हे घड्याळ नेमके काय मोजते आणि त्याचे कितपत ऐकावे, हे आपण येथे पाहू.

प्रथम 'आखीव धाव' म्हणजे काय? रोज एकाच वेगाने दमेपर्यंत पळण्याऐवजी धावेचे तुकडे पाडायचे. उदाहरणार्थ, दहा मिनिटे हळू धावणे, मग ४०० मीटर वेगाने व दोन मिनिटे चालणे असे सहा वेळा, शेवटी पुन्हा दहा मिनिटे हळू. मध्ये विश्रांती असल्यामुळे वेगवान धाव एकूण जास्त होते आणि हृदय व स्नायूंना त्या वेगाची सवय लागते. ही पद्धत जुनी आहे. जर्मनीत फ्रायबुर्ग येथे गेर्शलर हे प्रशिक्षक व राइंडेल हे डॉक्टर यांनी ती नाडीच्या ठोक्यांशी जोडली. नाडी मिनिटाला सुमारे १२० पर्यंत उतरली की पुढचा तुकडा सुरू! गेर्शलर यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ साली ८०० मीटरचा १ मिनिट ४६.६ सेकंदांचा विश्वविक्रम केला. तो १९५५ पर्यंत टिकला.

घड्याळ मुख्यतः तीन गोष्टी मोजते : वेळ, अंतर आणि नाडी. पैकी वेळ सर्वांत विश्वासार्ह. घड्याळातील क्वार्ट्‌झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, त्यामुळे दिवसाकाठी होणारी चूक अगदीच किरकोळ असते.

अंतराचे तसे नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या जीपीएस उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांच्या वेळेवरून घड्याळ आपले स्थान काढते. प्रकाशाच्या वेगाने येणाऱ्या या संदेशाच्या वेळेत एक मायक्रोसेकंदाचा फरक पडला तर अंतर ३०० मीटरने चुकते! उघड्या मैदानावर स्थानाची चूक काही मीटर असते. डोंगराच्या कुशीत वा दाट झाडीखाली ती वाढते. कुंडलिकेच्या काठाने भिऱ्याकडे जाताना अशा जागा लागतात.

आता थोडे गणित करू. एका विद्यार्थ्याला १६०० मीटर ६ मिनिटांत धावायचे आहे. म्हणजे वेग सेकंदाला ४.४४ मीटर, किंवा किलोमीटरला ३ मिनिटे ४५ सेकंद. पाच सेकंदांत तो सुमारे २२ मीटर जातो. या तुकड्यात ३ मीटरची चूक झाली, तर वेग किलोमीटरला ३ मिनिटे १८ सेकंद तरी दिसेल, नाहीतर ४ मिनिटे २० सेकंद! पण ४०० मीटरमध्ये तीच ३ मीटरची चूक एक टक्क्याहूनही कमी ठरते. घड्याळे सरासरी काढून हे चढउतार कमी करतात, पण मग वेगातला बदल उशिरा कळतो. म्हणून क्षणोक्षणीच्या वेगाकडे पाहू नये, पूर्ण तुकड्याची वेळ पाहावी. बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे ११.२० सेकंदांत पूर्ण केली. त्यांचे सुवर्णपदक ०.०५ सेकंदाने हुकले. त्यांच्या सरासरी वेगाने हे अंतर सुमारे ३० सेंटिमीटर भरते. एवढा फरक जीपीएसचे घड्याळ पकडू शकणार नाही.

नाडीसाठी घड्याळाच्या पाठीमागून हिरवा प्रकाश त्वचेवर पडतो. रक्तातील हिमोग्लोबिन तो शोषते. प्रत्येक ठोक्याला रक्ताचे प्रमाण बदलते, तसा परतणारा प्रकाशही कमीजास्त होतो. पण हात जोरात हलला किंवा पट्टा सैल असला की मापन बिघडते. शिवाय हृदयही वेग वाढताच लगेच नव्या गतीला पोचत नाही. त्यामुळे अर्ध्या-एक मिनिटाच्या तुकड्यांत नाडीवरून वेग ठरवणे फोल आहे.

घड्याळाचे 'हिरवे, पिवळे, लाल' पट्टे बहुधा '२२० वजा वय' या सूत्रावर बेतलेले असतात. १८ वर्षांच्या मुलाची कमाल नाडी त्यानुसार २०२ येते. '२०८ वजा वयाच्या ०.७ पट' या २००१ मधील सूत्राने ती १९५ येते. दोन्ही आकडे सरासरीचे आहेत. निरोगी माणसाची कमाल नाडी त्यापेक्षा दहा-पंधरा ठोके वरखाली असू शकते.

कोकणात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. घाम वाळला तरच शरीर थंड होते. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २४०० जूल उष्णता घेऊन जातो. हवा दमट असली की घाम नुसता निथळतो आणि ही उष्णता अंगातच राहते. मग त्वचेकडे जास्त रक्त पाठवावे लागते आणि वेग तोच असूनही नाडी चढत जाते. अशा वेळी घड्याळात भरलेला वेग गाठण्याचा हट्ट धरणे धोक्याचे आहे. २०२४ साली झारखंडमध्ये भरतीच्या १० किलोमीटर धावेदरम्यान दहाहून अधिक उमेदवार दगावले. चक्कर, मळमळ, छातीत दुखणे, असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसले की धाव तिथेच थांबवावी. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि ताबडतोब डॉक्टरांना बोलवावे. घड्याळ काय दाखवते याची वाट पाहू नये.

घड्याळ नसेल तर? शाळेच्या मैदानावर टेपने मोजून २०० मीटरची फेरी आखा. सहा मिनिटांच्या १६०० मीटरसाठी एक फेरी ४५ सेकंदांची. दर ४५ सेकंदांनी शिट्टी वाजवा. शिट्टीला विद्यार्थी खुणेच्या पुढे आहे की मागे, हे त्याचे त्यालाच दिसेल. दोन तुकड्यांच्या मध्ये नाडी १५ सेकंद मोजून चौपट करा. १२० च्या आसपास आली की पुढचा तुकडा. हळू धावताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, नाहीतर ते हळू धावणे नव्हेच.

या नोंदी वहीत तारीख, तापमान व हवेच्या दमटपणासह ठेवायला सांगा. जानेवारी आणि मे महिन्यांचे आलेख शेजारी ठेवले की वेग तोच असूनही नाडी किती बदलली, ते मुले स्वतःच वाचतील. घड्याळ असलेल्यांनी त्याचे आकडे याच वहीत बोटाने मोजलेल्या नाडीशेजारी लिहावेत. आपल्या घड्याळावर किती विसंबायचे, हे त्यांना त्यातूनच कळेल.