निळ्या टोपणाची नळी

सकाळी 7.30. मशीनवर कंट्रोल लावले. दोन्ही रेंजमध्ये आले, मग चहा.

9.00. वॉर्डातून नळ्या आल्या. आत 0.3 मिली सायट्रेट, त्यावर खुणेपर्यंत 2.7 मिली रक्त हवं. कमी असेल तर नळी परत. सिस्टर वैतागतात, वैतागू देत.

9.30. एका नळीसोबत चिठ्ठी : वय 29, तीन गर्भपात, डावा पाय सुजलेला. मागे जुना रिपोर्ट टाचलेला, व्हीडीआरएल पॉझिटिव्ह, टीपीएचए निगेटिव्ह. सिफिलिसच्या त्या पहिल्या चाचणीतलं अँटिजेन कार्डिओलिपिन, म्हणजे फॉस्फोलिपिडच, त्यामुळे फॉस्फोलिपिडविरोधी अँटिबॉडीचा संशय इथेच बळावला. हेपरिन अजून दिलेलं नाही ना, हे फोन करून विचारून घेतलं.

ही नळी एकदा फिरवून भागत नाही. वरचा प्लाझ्मा अलगद काढायचा, तळाशी थोडा सोडायचा आणि पुन्हा सेंट्रिफ्यूज करायचा. प्लेटलेट्स राहिल्या तर अँटिबॉडी त्यांच्याच फॉस्फोलिपिडवर खर्ची पडते आणि चाचणी खोटी निगेटिव्ह येते. घाईत नेमका हाच टप्पा गाळला जातो.

10.30. एपीटीटी 58 सेकंद, आमची वरची मर्यादा 35. नॉर्मल प्लाझ्मा निम्मा मिसळला, तरी 51. घटक कमी असता तर वेळ खाली आली असती. म्हणजे गोठण्याच्या आड काहीतरी येतंय.

तेवढ्यात वॉर्डातून निवासी डॉक्टरचा फोन. "मॅडम, एपीटीटी एवढी वाढलीय, हेपरिन कसं देऊ? ब्लीडिंग होईल."

"अरे, नळीत गोठायला उशीर लागतो, कारण अँटिबॉडी आपल्या रिएजंटमधलं फॉस्फोलिपिड अडवते. शरीरात तीच अँटिबॉडी प्लेटलेट्सना आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिथावते. पायाचा डॉप्लर झाला का?"

झाला नव्हता.

12.00. डीआरव्हीव्हीटी. रिएजंटमध्ये घोणस सापाचं विष. ते थेट दहाव्या घटकाला जागं करतं. कमी फॉस्फोलिपिडवर 66 सेकंद, भरपूर घातल्यावर 36. शंका उरली नाही. भातलावणीच्या दिवसांत याच सापाने चावलेल्यांचं न गोठणारं रक्त आमच्याकडे येतं, ते वेगळं.

2.00. कार्डिओलिपिन आणि बीटा-2 ग्लायकोप्रोटीनच्या एलायझा लावल्या. डॉप्लरचा निरोप आला : मांडीच्या शिरेत गुठळी. हेपरिन सुरू.

4.30. काउंटरवर तिचा नवरा. "मॅडम, रक्त पातळ आहे की घट्ट?"

"गुठळ्या होण्याकडे कल आहे. त्याला औषध आहे. पुढच्या वेळी दिवस राहिले की लगेच डॉक्टरांना गाठा. अ‍ॅस्पिरिन आणि हेपरिनवर बऱ्याच जणींची बाळंतपणं नीट पार पडतात."

एखाद्या संसर्गानंतरही या अँटिबॉडी काही काळ दिसतात. म्हणून रिपोर्टखाली लिहिलं : 12 आठवड्यांनी पुन्हा तपासावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास नमुना घेण्याआधी कळवावे.