व्हिप नसलेली आघाडी

वॉर्डातली लोकशाही : लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण अपक्ष उमेदवार मतदानयंत्रापर्यंत कसा पोहोचतो ते पाहिले. पक्षाचे चिन्ह मतदाराला लहानपणापासून ओळखीचे असते. अपक्षाला मुक्त चिन्हांच्या यादीतले एखादे मिळते, तेही माघारीची मुदत संपल्यावर, प्रचाराला मोजके दिवस उरलेले असताना. तरीही काही जण निवडून येतात. त्यांच्यापुढचा अधिक अवघड प्रश्न निकालाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो, आणि आजचा लेखांक त्याच प्रश्नाचा आहे.

२००७ मध्ये जुहूच्या रहिवासी संघटनांनी मिळून ठरवलेले नागरिकांचे उमेदवार ॲडॉल्फ डिसोझा मुंबई महापालिकेवर निवडून आले. पक्ष पाठीशी नसताना वॉर्ड जिंकता येतो, हे त्या निकालाने दाखवून दिले. पण २२७ जणांच्या सभागृहात एका मताची ताकद ती केवढी? पैशाचे निर्णय जिथे होतात त्या स्थायी समितीच्या जागा गटांच्या संख्याबळानुसार वाटल्या जातात. गटात जावे तर गटाचा आदेश पाळावा लागतो. बाहेर राहावे तर समितीचे दार बंद. आपल्याकडचे बहुतेक प्रामाणिक अपक्ष याच कात्रीत सापडतात. पाच वर्षे संपेपर्यंत ते एक तर कोणाच्या तरी वळचणीला जातात, नाहीतर निषेधाच्या नोंदी करत राहतात.

इंग्लंडमधल्या एका छोट्या गावाने यातून वाट काढली. गेल्या काही वर्षांतला स्थानिक लोकशाहीचा इतका उपयोगी दुसरा प्रयोग मला माहीत नाही.

सॉमरसेट परगण्यात, बाथ शहराच्या दक्षिणेला फ्रूम आहे. एकेकाळी लोकरीच्या कापडावर भरभराटलेले हे गाव. वस्ती सुमारे २८ हजार, म्हणजे आपल्याकडच्या ‘क’ वर्ग नगरपरिषदेएवढी. तिथल्या टाउन कौन्सिलचे सदस्य १७. हिशेब करून पाहा: एका सदस्यामागे सोळाशे-सतराशे माणसे. पुण्यात २०१७ ची निवडणूक चार सदस्यांच्या प्रभागांतून झाली, तेव्हा एकेका प्रभागाची लोकसंख्या पाऊण लाखाच्या आसपास किंवा त्याहून जास्त होती. सोळाशे लोकांच्या दारात उमेदवार स्वतः जाऊ शकतो. पाऊण लाखांच्या दारात जायला कार्यकर्त्यांची फौज लागते, आणि फौज पोसायला पैसा.

टाउन कौन्सिल ही इंग्लंडच्या रचनेतली सर्वांत खालची पायरी. शाळा, मोठे रस्ते, समाजकल्याण हे सगळे वरच्या कौन्सिलांकडे. खाली उरतात उद्याने, खेळाची मैदाने, भाजीपाला पिकवायला भाड्याने द्यायचे जमिनीचे तुकडे, सार्वजनिक शौचालये, गावातले उत्सव. अधिकार इतके कमी की अशा कौन्सिलांच्या कितीतरी जागा देशभर बिनविरोध भरल्या जातात. फ्रूमच्या मंडळींना नेमकी इथेच संधी दिसली. जिथे कोणाचे फारसे लक्ष नाही, तिथे नव्या पद्धतीने काम करून पाहता येईल, असा त्यांचा विचार होता. पीटर मॅकफॅडियन आणि मेल अशर हे त्यांतले दोन प्रमुख चेहरे. अशर यांना स्थानिक प्रशासनाचा आतून अनुभव होता, आणि अशा गटाला असा एक तरी माणूस लागतोच. उत्साह पुष्कळ असला तरी अंदाजपत्रक वाचता येत नसेल तर पहिल्याच वर्षी अधिकारी सगळे ठरवून मोकळे होतात.

‘इंडिपेंडंट्स फॉर फ्रूम’ या नावाने हा गट २०११ मध्ये उभा राहिला आणि १७ पैकी १० जागा जिंकला. २०१५ मध्ये सगळ्या १७. २०१९ मध्ये पुन्हा सगळ्या १७.

जागांचे आकडे जगभर गाजले. मॅकफॅडियन यांचे ‘फ्लॅटपॅक डेमॉक्रसी’ हे पुस्तक २०१४ मध्ये आले आणि इंग्लंडमधल्या इतर गावांतही त्या वाटेने जाणारे गट उभे राहिले. मला मात्र आकड्यांपेक्षा त्यांनी निवडणुकीआधी आपसांत ठरवलेली कामाची रीत जास्त महत्त्वाची वाटते. त्यांनी सामाईक जाहीरनामा काढलाच नाही. कोणी डावीकडे झुकलेला, कोणी उजवीकडे, कोणी पर्यावरणवादी. प्रत्येकाने आपली मते आपल्याजवळ ठेवावीत असे ठरले. एकमत हवे होते ते वागण्याच्या काही नियमांवर. आपल्या भूमिकेला इतके चिकटायचे नाही की चर्चाच खुंटेल. समोरच्याचे म्हणणे पटले तर मत बदलायचे आणि चूक झाली तर मान्य करायची. मतदानात हरलो तर मनाला लावून घ्यायचे नाही. बहुमताचा निर्णय झाला की तो मानायचा. आणि सगळ्यांत मोलाचा नियम: सहकाऱ्याबद्दल बोलायचे ते त्याच्याशीच, त्याच्या पाठीमागे नाही.

हे नियम बाळबोध वाटतील. पण आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत, शाळेच्या पालक समितीत, गणेशोत्सव मंडळात फूट कशावरून पडते ते आठवून पाहा. धोरणावरून क्वचितच, बहुतेक वेळा दुखावलेल्या मानावरून आणि कानावर आलेल्या बोलण्यावरून. पक्ष ही फूट व्हिपने झाकतो: आत काहीही असो, हात एकाच वेळी वर जातात. फ्रूमच्या गटाने व्हिप ठेवलाच नाही, म्हणून त्यांना माणसे एकत्र राहण्याची दुसरी सोय करावी लागली, आणि ती आधी, शांत डोक्याने, लिहून करावी लागली. एकाच गटाचे सदस्य एकमेकांविरुद्ध मत देत आणि पुढच्या बैठकीला पुन्हा शेजारी बसत. ज्या दिवशी एखाद्या गटाला हे जमते, त्या दिवसापासून सभागृहातली चर्चा खरी होते, कारण तिचा निकाल आधी कोणाच्या बंगल्यावर लागलेला नसतो.

कामेही झाली. इंग्लंडमध्ये टाउन कौन्सिलला घरपट्टीसारख्या करावर आपला स्वतःचा छोटा भार बसवता येतो. फ्रूमने तो वाढवला, का वाढवला ते लोकांसमोर मांडले आणि पैसा गावातल्या संस्थांना उभे करण्यावर खर्च केला. २०१५ मध्ये कौन्सिलच्या पाठबळाने तिथे वस्तूंचे वाचनालय सुरू झाले: शिडी, ड्रिल, तंबू अशा वर्षातून एकदा लागणाऱ्या गोष्टी थोडक्या पैशांत घरी न्यायच्या आणि परत आणून द्यायच्या. २०१६ मध्ये सार्वजनिक फ्रिज आला. त्यात दुकाने आणि घरे उरलेले चांगले अन्न ठेवतात, ज्याला हवे तो घेतो, आणि कोणी नाव विचारत नाही.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि मला तो पूर्णपणे सुटलेला वाटत नाही. १७ पैकी १७ जागा एकाच नावाखाली निवडून आल्या तर जाब विचारणार कोण? आतले मतभेद कितीही मोकळे असले, तरी ज्या नागरिकाला ही सगळी मंडळीच पटत नाहीत त्याचा माणूस सभागृहात नसतो. वेळ काढू शकणारी, सभांमध्ये बोलण्याची सवय असलेली माणसेच अशा गटांत गोळा होतात, हेही खरे. उत्तर म्हणून फ्रूमने बैठका मोकळ्या केल्या आणि लोकांना चर्चेत ओढले. विरोधी बाकांची जागा त्याने भरते असे मी म्हणणार नाही.

आता आपल्याकडे हे कसे बसेल? १९८६ चा महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम पक्षांबरोबर निवडणुकीसाठी उभारलेल्या आघाडीलाही लागू होतो. आघाडीने दिलेल्या आदेशाविरुद्ध परवानगीशिवाय मत दिले तर सदस्यत्व जाऊ शकते. अपक्ष म्हणून निवडून येऊन नंतर पक्षात गेले तरीही जाते. नागरिकांचे गट या कायद्याला घाबरतात आणि एकेकट्याने लढतात. पण कायदा आघाडीला आदेश काढण्याची सक्ती करत नाही. आघाडी म्हणून लढावे, गटाचे संख्याबळ मोजून समित्यांत जागा घ्याव्यात आणि आदेश काढणार नाही असे मतदारांना आधीच लिहून द्यावे, याला त्या कायद्यात कुठेही आडकाठी नाही. छोट्या नगरपरिषदांमध्ये हे करून पाहण्यासारखे आहे. तिथे एक अडचण वेगळी आहे: आपला नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जातो, तर फ्रूमचा महापौर वर्षाकाठी बदलतो. सत्ता एका खुर्चीत साठलेली असताना सतरा जणांनी मिळून काम करण्याची रीत कितपत टिकेल?

याच पेचात फ्रान्समधले साय्याँ हे जेमतेम बाराशे वस्तीचे गाव सापडले होते, कारण फ्रेंच कायद्यात महापौराचे अधिकार फार मोठे असतात. तिथली नागरिकांच्या उमेदवारांची यादी २०१४ मध्ये जिंकली आणि २०२० मध्ये थोड्या मतांनी हरली. मधल्या सहा वर्षांत त्यांनी महापौराची खुर्ची कशी वाटून घेतली, ते पुढच्या लेखांकात.