पसंतीक्रमातील शेवटचे नाव

चेन्नईच्या गिंडी स्थानकावर वर्षातून दोनदा, बहुधा मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास, भल्या सकाळी मराठी कानावर पडते. साताऱ्याचे, कोल्हापूरचे किंवा विदर्भातील एखादे कुटुंब ठेवणीतले कपडे घालून कुणाला तरी रस्ता विचारत असते. वडिलांच्या हातात निमंत्रणपत्रिका, आईच्या हातात डबा आणि आजी सोबत असलीच तर तिच्या तोंडी एकच प्रश्न, "अजून किती लांब?" उत्तर सोपे असते. कत्तिपारा चौकातील उड्डाणपूल ओलांडला की सेंट थॉमस माउंटची टेकडी दिसू लागते. तमीळ माणूस तिला परंगिमलै म्हणतो. तिच्या परिसरातच भारतीय सेनेची ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी आहे. उन्हे चढण्यापूर्वी तेथील मैदानावर दीक्षान्त संचलन पार पडते आणि त्या कुटुंबाचा मुलगा किंवा मुलगी लेफ्टनंट होऊन बाहेर येते.

या सकाळचे बीज मात्र दीड-दोन वर्षे आधी, घरातच पडलेले असते. पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेचा अर्ज भरतो. त्यात पसंतीक्रमाचा एक रकाना असतो. डेहराडूनची भारतीय सैनिकी अकादमी, एळिमलाची नौदल अकादमी, हैदराबादची वायुसेना अकादमी आणि चेन्नईची ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी अशा चार संस्था तेथे दिलेल्या असतात. आयोगाचा यासंबंधीचा नियम मोठा बोलका आहे. ज्याला इतर अकादम्यांसाठीही विचार व्हावा असे वाटते, त्याने चेन्नईचे नाव शेवटी लिहावयाचे. चुकून पहिले लिहिले तरी ते शेवटचेच मानले जाते. इतर तीन ठिकाणी स्थायी कमिशन मिळते आणि चेन्नईला अल्पसेवा, म्हणजेच शॉर्ट सर्व्हिस कमिशन, हे त्यामागील कारण होय.

नियम प्रशासकीय सोयीचा आहे. त्याचा अर्थ मात्र अनेक घरांत भलताच लावला जातो. शेवटी लिहावयाचे ते दुय्यम, अशी समजूत होऊन बसते आणि निकालात चेन्नईचे नाव आले की अभिनंदनासोबत "डेहराडून हुकले का?" ही विचारणाही होते. वास्तविक अलीकडच्या जाहिरातींत प्रत्येक परीक्षेला डेहराडूनसाठी शंभर जागा असतात, तर चेन्नईसाठी पुरुषांच्याच पावणेतीनशेच्या आसपास. पदवीनंतर सैन्याधिकारी होणाऱ्यांचा मोठा प्रवाह गिंडीवरूनच जातो. खांद्यावरचे दोन तारे, पद आणि वेतन दोन्हीकडे सारखेच असते. फरक आहे तो मुदतीचा आणि तो मात्र खराखुरा आहे.

१९६२ च्या चीन युद्धात अधिकाऱ्यांचा तुटवडा प्रकर्षाने जाणवला. तातडीने अधिकारी घडविण्यासाठी मद्रास आणि पुणे येथे ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल उघडण्यात आली. पुण्याचे स्कूल अल्पकाळात बंद झाले. १९६३ मध्ये सुरू झालेले मद्रासचे मात्र टिकले आणि आणीबाणीच्या कमिशनऐवजी तेथून अल्पसेवा कमिशनचे अधिकारी बाहेर पडू लागले. १९८८ मध्ये स्कूलची अकॅडमी झाली.

येथील संचलनाच्या मैदानाला मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचे नाव दिलेले आहे. नाव दाक्षिणात्य असले तरी मुंबईकरांनी त्यांना आपले मानावे, असा त्यांचा जीवनप्रवास आहे. १९४६ साली मुंबईत जन्म, एसआयईएस महाविद्यालयातून विज्ञान शाखेची पदवी, त्यानंतर मद्रासचे हे स्कूल आणि १९७२ मध्ये महार रेजिमेंटमध्ये कमिशन. नोव्हेंबर १९८७ मध्ये श्रीलंकेतील शांतिसेनेत असताना शोधमोहिमेवरून परतणाऱ्या त्यांच्या तुकडीवर रात्री अचानक हल्ला झाला. त्यांनी हल्लेखोरांना मागील बाजूने गाठले. हातघाईच्या झटापटीत छातीत गोळी लागूनही त्यांनी समोरच्याची बंदूक हिसकावून त्याला टिपले आणि अखेरच्या श्वासापर्यंत जवानांना आज्ञा दिल्या. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. तेव्हा त्यांच्या सेवेची पंधरा वर्षे उलटून गेली होती. आज डेहराडून न मिळाल्याने खट्टू झालेला एखादा कॅडेट पहाटे कवायतीला उभा राहतो, तो याच नावाच्या मैदानावर.

आता मुदतीच्या प्रश्नाकडे वळू या. तो भावनेपेक्षा हिशेबाचा आहे आणि बँकेशी संबंध असलेल्या वाचकाला तो लवकर उमगेल.

अल्पसेवा कमिशनची मुदत २००६ पासून दहा वर्षे आहे. ती आणखी चार वर्षांनी वाढविता येते. चेन्नईचे प्रशिक्षण ४९ आठवड्यांचे, तर डेहराडूनचे दीड वर्षाचे. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी कमिशन मिळालेला तरुण साधारणपणे दोन वर्षांनी कॅप्टन आणि सहा वर्षांनी मेजर होतो. दहा वर्षे पूर्ण होतात तेव्हा तो पस्तिशीच्या उंबरठ्यावरचा मेजर असतो. पुढे तीन वाटा फुटतात. स्थायी कमिशनसाठी निवड व्हावी, चार वर्षे वाढवून घ्यावीत किंवा गणवेश उतरवावा. पहिली वाट केवळ इच्छेवर अवलंबून नसते. त्यासाठी सेवेतील कामगिरी पाहिली जाते आणि सर्वांची निवड होत नाही.

प्रशिक्षणकाळात सातव्या वेतन आयोगानुसार दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळते. पालकांना प्रशिक्षणासाठी काहीही खर्च करावा लागत नाही. मात्र कॅडेटने मध्येच स्वेच्छेने प्रशिक्षण सोडल्यास त्याचा खर्च सरकारला परत करावा लागतो. लेफ्टनंटचे मूळ वेतन याच आकड्यापासून सुरू होते. त्यावर १५,५०० रुपये लष्करी सेवा वेतन आणि महागाई भत्ता मिळतो. पंचविशीतील तरुणाला, विशेषतः राहण्याजेवण्याची बहुतांश व्यवस्था सेनेकडून होत असताना, ही रक्कम लहान नव्हे.

अडचण आहे ती शेवटच्या टोकाला. अधिकाऱ्याला निवृत्तिवेतन मिळण्यासाठी किमान वीस वर्षांची सेवा लागते. चौदा वर्षांत ती पूर्ण होत नाही. नवी निवृत्तिवेतन योजना सशस्त्र दलांना लागू नाही, त्यामुळे तेथेही काही जमा होत नाही. हाती येते ते सेवासमाप्तीचे उपदान, म्हणजे प्रत्येक पूर्ण सहामाहीसाठी अर्ध्या महिन्याचे वेतन. दहा वर्षांच्या सेवेसाठी ते दहा महिन्यांच्या वेतनाइतके भरते. त्याखेरीज भविष्यनिर्वाह निधीत स्वतः साठविलेली रक्कम आणि शिल्लक रजेचे पैसे. ज्या अधिकाऱ्याने दहा वर्षांत निधीत किमान वर्गणीच भरली, त्याची बाहेर पडताना ओढाताण होते. ज्याने लग्नापूर्वीची पाच-सहा वर्षे वेतनाचा मोठा हिस्सा बाजूला टाकला, तो पस्तिसाव्या वर्षी निवांतपणे नवा उद्योग शोधू शकतो.

गृहकर्जाबाबतही हेच. सव्विसाव्या वर्षी वीस वर्षांच्या मुदतीचे कर्ज घेणाऱ्या अल्पसेवा अधिकाऱ्याची निश्चित नोकरी कर्जाच्या निम्म्या वाटेवरच संपू शकते. कर्ज घेऊ नये असे नाही. मुदत दहा वर्षांची ठेवावी किंवा उपदानाची रक्कम कर्जफेडीसाठी आधीच मनाशी राखून ठेवावी. मासिक हप्ता किती बसतो एवढेच पाहून सही करणारे ग्राहक कमी नाहीत. येथे तरी तसे होऊ नये.

बाहेर पडल्यावरचे जग पूर्वीइतके अनोळखी राहिलेले नाही. संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयामार्फत अशा अधिकाऱ्यांसाठी भारतीय व्यवस्थापन संस्थांत व्यवस्थापनाचे सुमारे सहा महिन्यांचे अभ्यासक्रम चालतात. चेन्नईचे प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्याला मद्रास विद्यापीठाची संरक्षण व्यवस्थापनातील पदव्युत्तर पदविका मिळते, ती पुढे उपयोगी पडते. बँकांच्या अधिकारी भरतीत किमान पाच वर्षे सेवा केलेल्या अल्पसेवा अधिकाऱ्यांना वयात पाच वर्षांची सवलत आहे. शिवाय बँकांतील सुरक्षा अधिकाऱ्याच्या पदासाठी कमिशन्ड अधिकारी म्हणून केलेली सेवा हीच पात्रता धरली जाते. विभागीय कार्यालयातील आपले सुरक्षा अधिकारी कोठून आले, याची चौकशी सहकाऱ्यांनी सवडीने करून पाहावी.

मुलींच्या बाबतीत हा सारा प्रश्न काही वर्षांपूर्वीपर्यंत निराळाच होता. चेन्नईच्या अकॅडमीत त्यांना सप्टेंबर १९९२ पासून प्रवेश मिळू लागला आणि पहिली तुकडी मार्च १९९३ मध्ये बाहेर पडली. परंतु मुदत संपली की बहुतेकींना परतावेच लागे, कारण मोजक्या शाखा सोडल्या तर स्थायी कमिशनचे दार बंद होते. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाने ते उघडले. एप्रिल २०२३ मध्ये याच मैदानावरून पाच महिला अधिकारी प्रथमच तोफखान्यात दाखल झाल्या. सेंट थॉमस माउंट हे कंपनी सरकारच्या काळात मद्रास तोफखान्याचे मुख्य ठाणे होते, हे लक्षात घेता हा योगायोग मनोज्ञ वाटतो.

दोन मराठी स्त्रियांनी या वाटेला वेगळाच अर्थ दिला. सातारा जिल्ह्यातील पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक यांना नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात वीरमरण आले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक शिक्षिका होत्या आणि पदरी दोन लहान मुले होती. सैनिकांच्या विधवांसाठी असलेली पस्तीस वर्षांची वयोमर्यादाही त्यांनी ओलांडली होती. त्यांना विशेष सवलत देण्यात आली, परंतु ती वयापुरती. सेवा निवड मंडळाची पाच दिवसांची परीक्षा आणि नंतरचे खडतर प्रशिक्षण त्यांना निम्म्या वयाच्या मुलींच्या बरोबरीने पार करावे लागले. ९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या लेफ्टनंट झाल्या. ऑगस्ट २०१८ मध्ये गुरेझ भागात वीरमरण आलेले मेजर कौस्तुभ राणे यांच्या पत्नी कनिका राणे नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच वाटेने गेल्या. या दोघींनी दहा वर्षांनंतरच्या उपदानाचा हिशेब मांडला असेल, असे कुणी म्हणणार नाही. म्हणूनच वर मांडलेला हिशेब ज्यांना सवडीने मांडता येतो, त्यांनी तो टाळण्याचे कारण नाही.

लेखी परीक्षेखेरीजही चेन्नईला जाण्याचे मार्ग आहेत. पदवीला ५० टक्के गुण आणि राष्ट्रीय छात्रसेनेचे 'सी' प्रमाणपत्र किमान 'बी' श्रेणीत असलेल्यांना लेखी परीक्षा द्यावी लागत नाही, थेट मुलाखतीची निवड होते. अभियंत्यांसाठी तांत्रिक आणि विधी पदवीधरांसाठी न्यायविषयक शाखेची भरती स्वतंत्रपणे होते. लेखी परीक्षा देणाऱ्या कला व वाणिज्य शाखेच्या पदवीधरांना एक गोष्ट दिलासा देईल. चेन्नईसाठी इंग्रजी आणि सामान्यज्ञान एवढ्याच प्रश्नपत्रिका असतात, गणिताची नसते. वयोमर्यादाही डेहराडूनपेक्षा एका वर्षाने अधिक आहे. तयारीसाठी महाराष्ट्र शासनाच्या सैनिक कल्याण विभागाचे नाशिक रोड येथील छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र महाराष्ट्रातील उमेदवारांना निवासासह विनामूल्य मार्गदर्शन करते. खासगी शिकवण्यांचे भरमसाट शुल्क भरण्यापूर्वी तेथे चौकशी अवश्य करावी.

ज्यांचे वय निघून गेले आणि जे नोकरीत स्थिरावले आहेत, त्यांच्यासाठी प्रादेशिक सेना आहे. १८ ते ४२ वर्षे वयाच्या, उपजीविकेचे साधन असलेल्या पदवीधरांना नोकरी सांभाळून तेथे अधिकारी होता येते. बँक कर्मचाऱ्यांनाही ही वाट मोकळी आहे.

संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा वर्षातून दोनदा, साधारणपणे एप्रिल व सप्टेंबरमध्ये होते. जाहिराती त्याआधी तीन-चार महिने निघतात. अर्ज भरताना डेहराडून वर लिहावे, चेन्नई खाली लिहावे, नियमच तसा आहे. आणि त्याच संध्याकाळी घरच्यांनी एका कागदावर मुलाचे पस्तिसावे वर्ष लिहून त्याच्यासमोर बसावे.