तिनांऐवजीं दोन : ऑफसाइडचा नियम व फुटबॉलची व्यूहरचना

फुटबॉलचा सामना प्रथमच पाहावयास गेलेल्या मनुष्याला खेळांतील बहुतेक गोष्टी पांच मिनिटांत उमगतात. चेंडू पायानें मारावयाचा, हात लावावयाचा नाहीं, प्रतिपक्षाच्या गोलांत तो घालावयाचा. यांत न समजण्यासारखें कांहींच नसतें. परंतु मध्येंच केव्हां तरी एखादा चपळ खेळाडू चेंडू घेऊन एकटाच गोलाकडे धांवत सुटतो, लोक आनंदानें उठून उभे राहतात, आणि पंचाची शिटी वाजते. शेजारचा जाणता गृहस्थ ‘ऑफसाइड’ एवढेंच म्हणून गप्प बसतो. या एका शब्दानें फुटबॉलच्या खेळाला जेवढें वळण दिलें, तेवढें क्वचितच दुसऱ्या एखाद्या नियमानें दिलें असेल.

नियमाचा हेतु साधा आहे. एखाद्या खेळाडूनें प्रतिपक्षाच्या गोलापाशीं नुसतें ठाण मांडून बसावें व सोबत्यांनीं लांबून त्याच्याकडे चेंडू भिरकावावा, असें चाललें तर खेळांत कौशल्य तें काय उरलें? म्हणून इंग्लंडांतील फुटबॉल असोसिएशननें १८६३ सालीं आपले पहिले नियम लिहिले, तेव्हां चेंडूच्या पुढें असलेल्या सोबत्याकडे तो देण्यास जवळजवळ मज्जावच होता. १८६६ सालीं हें बंधन सैल झालें. सोबती चेंडू मारतो त्या क्षणीं पुढील खेळाडू व गोलरेषा यांच्यामध्यें प्रतिपक्षाचे निदान तीन गडी असले म्हणजे झालें, असें ठरलें.

या तिघांपैकीं एक बहुधा गोलरक्षकच असे. उरलेले दोघे म्हणजे दोन फुलबॅक. त्यांतील एकजण चेंडू सुटण्यापूर्वीं चार पावलें पुढें सरकला, कीं त्याच्यामागें राहिलेला प्रतिपक्षाचा गडी आपोआप गुन्हेगार ठरे. डाव फसलाच, तर दुसरा फुलबॅक मागें राखणीस असे. न्यूकॅसल युनायटेडचा बिल मॅक्रॅकन व त्याचा जोडीदार फ्रँक हड्स्पेथ हे या विद्येंत विशेष तरबेज होते. पाहुण्या संघाची गाडी न्यूकॅसलच्या स्टेशनांत शिरतांच गार्डानें शिटी फुंकली आणि डब्यांतला एक खेळाडू उद्गारला, “आलों नाहीं तोंच ऑफसाइड!” असा एक विनोद प्रसिद्ध आहे.

पण क्लबांच्या चालकांना यांत हंसण्यासारखें कांहीं नव्हतें. धंदेवाईक क्लबाचा संसार दारावरील तिकिटांवर चालतो, आणि शिट्या ऐकावयास कोणी पैसे देत नाहीं. तेव्हां दोन उपाय सुचले. एक, गोलापासून चाळीस यार्डांवर रेषा आंखून ऑफसाइडचें बंधन तिच्या पलीकडेच लागू करावें. दुसरा, तिनांऐवजीं दोनच गडी पुरेसे मानावे. प्रदर्शनाच्या सामन्यांत अर्धा वेळ एक व अर्धा वेळ दुसरा उपाय खेळून पाहण्यांत आला, आणि जून १९२५ मध्यें नियम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळानें दुसरा मान्य केला. मैदानावर नवी रेषा आली नाहीं. नियमांतील एक आंकडा तेवढा बदलला.

परिणाम तत्काळ दिसला. इंग्लिश लीगच्या पहिल्या वर्गांत १९२४-२५ च्या ४६२ सामन्यांत ११९२ गोल झाले होते. पुढील हंगामांत तितक्याच सामन्यांत १७०३ झाले. आतां पुढें सरकलेल्या फुलबॅकाचा अंदाज एका पावलानें चुकला, तरी हल्लेखोर आणि गोल यांच्यामध्यें एकटा गोलरक्षक उरे.

हर्बर्ट चॅपमन हा त्याच वर्षीं हडर्सफील्डहून लंडनच्या आर्सेनल क्लबाचा मॅनेजर म्हणून आला होता. ३ ऑक्टोबर १९२५ रोजीं आर्सेनलचा ७-० असा धुव्वा उडाला, आणि तोहि कोठें, तर न्यूकॅसललाच! त्या पराभवानंतर संघांतील अनुभवी खेळाडू चार्ली बकन यानें आग्रह धरला कीं, सेंटर हाफला मधल्या फळींतून काढून दोन फुलबॅकांच्या मध्यें उभें करावें. तोंवर दोन फुलबॅक, तीन हाफ व पांच फॉरवर्ड अशी रचना रूढ होती, आणि तींत सेंटर हाफ म्हणजे संघाचा आंस. चेंडू अडवावयाचा त्यानें, पुढें पोंचवावयाचा त्यानें, प्रसंगीं गोलवर धांवून जावयाचें तेंहि त्यानेंच. आतां त्याचें काम एकच राहिलें : प्रतिपक्षाच्या सेंटर फॉरवर्डची पाठ सोडावयाची नाहीं. मधली रिकामी जागा भरण्यास एक फॉरवर्ड मागें आला. दोनच दिवसांनीं आर्सेनलनें वेस्ट हॅमला ४-० नें हरविलें.

ही कल्पना एकट्या आर्सेनलचीच होती असें नव्हे; दुसरेहि कांहीं क्लब त्याच दिशेनें चांचपडत होते. पण तिला पूर्ण रूप चॅपमननें दिलें. दुसराहि फॉरवर्ड मागें घेतल्यावर पुढील पांच जणांचा आकार इंग्रजी ‘डब्ल्यू’सारखा व मागील पांच जणांचा ‘एम्’सारखा दिसूं लागला. हर्बी रॉबर्ट्स हा मागें भिंतीसारखा उभा राही व चेंडू ॲलेक्स जेम्सच्या पायांशीं आला म्हणजे हल्ला सुरू होई. १९३१ ते १९३५ या पांच वर्षांत आर्सेनलनें चार वेळां लीग जिंकली. त्यांतील शेवटचीं दोन विजेतेपदें पाहण्यास मात्र चॅपमन उरला नव्हता. इतरांनीं ही पद्धति उचलली, पण रॉबर्ट्ससारखा गडी मिळविणें सोपें, जेम्ससारखा कठीण! हल्ला वाढावा म्हणून केलेल्या नियमानें खेळाला एक नवा बचाव करणारा दिला, आणि मैदानाच्या मध्यभागचा कलावंत हिरावून घेतला.

या भिंतीवरचा उतारा २५ नोव्हेंबर १९५३ रोजीं वेम्बलीवर सर्वांना दिसला. हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड हिडेगकुटी पुढें उभाच राहीना. तो मागें सरून खेळे. त्याच्या पाठोपाठ जावें तर गोलासमोरची जागा उघडी पडते, न जावें तर तो मोकळा सुटतो, अशा पेंचांत इंग्लंडचा मधला बॅक सांपडला. हंगेरीनें सामना ६-३ नें जिंकला. त्यांतील तीन गोल हिडेगकुटीचे.

पुढें १९९० सालीं इटलींतील जागतिक स्पर्धेंत ५२ सामन्यांत अवघे ११५ गोल झाले, तेव्हां पुन्हां नियमांकडे लक्ष गेलें. आघाडी मिळाली कीं चेंडू मागें गोलरक्षकाकडे द्यावा, त्यानें तो हातांत घेऊन वेळ काढावा, हा प्रकार फार बोकाळला होता. सोबत्यानें मुद्दाम पायानें दिलेला चेंडू गोलरक्षकानें हातांत घेऊं नये, असा नियम १९९२ सालीं झाला. ज्यांना आयुष्यांत हातांचाच अभ्यास, त्या गोलरक्षकांची प्रथम तारांबळ उडाली. नंतर मात्र त्यांना पायांचें शिक्षण देण्यांत आलें, आणि १९२५ पूर्वीं जें काम सेंटर हाफकडे होतें, म्हणजे चेंडू पायांत ठेवून मान वर करावयाची व मोकळा सोबती हेरून तो त्याच्याकडे पोंचवावयाचा, त्याचा आरंभ आज पुष्कळ संघांत गोलरक्षकच करतो.