बागेची हत्यारे : विकण्याआधी काम विचारा

हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाईक येते आणि म्हणते, "एक चांगली कात्री द्या." दुकानदार भिंतीवरची सर्वांत महाग कात्री काढून देतो. आठ दिवसांनी तेच गिऱ्हाईक वाकलेले पाते घेऊन पुन्हा दारात! बदलून दिली तर नफा गेला, नाही दिली तर गिऱ्हाईक गेले. पुष्कळदा खोट कात्रीत नसते. तिच्याकडून करवतीचे काम करून घेतलेले असते.

छाटणीची कात्री, म्हणजे बागायतदारांचा सिकेटर, दोन जातींची असते. एकीची पाती एकमेकींना घासून जातात. ओल्या, जिवंत फांदीला हीच द्यावी, काप स्वच्छ येतो. दुसरीचे एकच पाते सपाट पट्टीवर दाबले जाते. वाळक्या काटक्यांना ती ठीक, पण हिरवी फांदी तिच्यात चेचते. गुलाबवाल्याला ही चुकून देऊ नका. बोटाएवढी जाडी ही हातकात्रीची हद्द. त्यापुढे लांब दांड्यांची कात्री आणि मनगटाएवढ्या फांदीला करवत.

डाळिंबवाल्यांची गोष्ट वेगळी. तेल्या रोग कात्रीच्या पात्यावरूनही एका झाडाचा दुसऱ्याला लागतो, म्हणून ते पाती सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवून घेतात. या पाण्याने लोखंड गंजते. संध्याकाळी कात्री धुऊन, पुसून तेलाचा हात फिरवा, एवढे दुकानदाराने सांगितले तरी तक्रारी कमी होतील. शिवाय अशा गिऱ्हाइकाला दोन कात्र्या लागतात. एक बुडालेली, एक हातात.

मातीची हत्यारे माती विचारून द्यावीत. कोकणातल्या जांभ्याला टिकाव आणि पहार हवी. ओल्या काळ्या जमिनीत रुंद फावड्याला चिखल धरतो आणि माणूस तासाभरात थकतो. कुंडीला अरुंद खुरपे पुरते.

आता लोहारकाम करणाऱ्या बंधूंसाठी. पत्र्यातून कापलेले स्वस्त खुरपे दगड लागताच वळते. त्याच्याशी किमतीत झुंजू नये, टिकाऊपणात झुंजावे. गाडीच्या जुन्या कमानपाट्याचे लोखंड धार चांगली धरते. मात्र पाणी दिल्यावर पाते मंद आचेवर पुन्हा उतरवायला हवे. घाईत ते राहिले, तर पाते काचेसारखे तडकते आणि उडालेला तुकडा मजुराच्या डोळ्यात जाऊ शकतो. दांड्याचेही तसेच. ओले लाकूड वाळून आकसते, मग उगारलेल्या कुदळीचे डोके निसटते. बाभूळ नीट वाळवूनच वापरावी. खुरप्याच्या मुठीला शेंबी बसवावी. तिचा खर्च किरकोळ आहे.

नाशिककडे द्राक्षाच्या छाटण्या एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुमारास येतात. माल महिनाभर आधी भरावा. कात्र्यांबरोबर सुट्या स्प्रिंगाही मागवाव्यात, कारण बागेत सर्वांत आधी हरवते ती स्प्रिंगच.